'सहजता' या मूल्याची दुसरी बाजू : गोऱ्या अवकाशातील कृष्णवर्णीय लेखन आणि मराठी समीक्षा

१

मराठी समीक्षाव्यवहारात काही शब्द असे आहेत, की ते सतत वापरले जातात, परंतु त्यांची चिकित्सा करावी असे क्वचितच कोणाला वाटते. 'सहजता' हा त्यांपैकी एक. भाषा सहज आहे, निवेदन सहज आहे, लेखकाचा वावर सहज आहे, ही विधाने परीक्षणांतून इतक्या निर्वेधपणे येतात, की ती वर्णने आहेत की मूल्यनिर्णय, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. संस्कृत साहित्यशास्त्रातील प्रसादगुणापासून फडके-खांडेकरकालीन लघुनिबंधाच्या 'गुजगोष्टी'पर्यंत या मूल्याची एक दीर्घ परंपरा दाखवता येईल. या परंपरेत सहजता हा लेखकाच्या वृत्तीचा गुण मानला जातो. काहींना तो लाभतो, काहींना लाभत नाही, एवढेच काय ते त्याचे स्पष्टीकरण.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी एका वेगळ्या लेखनपरंपरेच्या आधारे करावयाची आहे. बहुसंख्य गोऱ्या माणसांनी व्यापलेल्या वर्गात, मेजवानीत, उपाहारगृहात किंवा रस्त्यावर वावरणारा कृष्णवर्णीय माणूस हा गेल्या शंभराहून अधिक वर्षांच्या अमेरिकन आणि फ्रेंच भाषिक कृष्णवर्णीय लेखनाचा एक मध्यवर्ती विषय राहिला आहे. या लेखनात सहजता हा स्वभावगुण म्हणून येत नाही. ती एक सामाजिक वस्तू म्हणून येते : कोणाला ती जन्मतःच मिळालेली असते, कोणाला ती कमवावी लागते, कोणाला ती उसनी घ्यावी लागते, तर कोणाला ती मिळाल्यासारखी वाटते न वाटते तोच एका नजरेने काढून घेतली जाते. मराठीत दलित साहित्य आणि कृष्णवर्णीय साहित्य यांची तुलना विपुल झालेली आहे. तथापि या तुलनेचा भर अत्याचार आणि विद्रोह या दोन टोकांवर राहिला. त्या दोहोंमधला जो दैनंदिन, शांत आणि वरकरणी सुसंस्कृत असा सहवासाचा प्रदेश आहे, तो तिच्या कक्षेत फारसा आला नाही.

२

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात एक छोटा प्रसंग आहे. मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या गावातील शाळेत मुले-मुली एकमेकांना भेटकार्डे देण्याचा खेळ खेळत असतात. खेळ आनंदात चाललेला असताना नव्याने आलेली एक उंच मुलगी ड्यू बॉइस यांचे कार्ड एका कटाक्षासरशी नाकारते. प्रसंगात हिंसा नाही, अपशब्दही नाही. तरीही आपण इतरांपासून एका पडद्याने विलग झालेलो आहोत, हे त्या मुलाला त्या क्षणी उमगते. ड्यू बॉइस यांनी मांडलेली 'दुहेरी जाणीव' ही संकल्पना, म्हणजे स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची अवस्था, मराठी अभ्यासकांना परिचित आहे. परंतु ही संकल्पना ज्या ग्रंथात मांडली जाते, तेथे तिच्या आधी हा भेटकार्डांचा खेळ येतो, याकडे दुर्लक्ष होते. वंशभेदाच्या अनुभवाची सुरुवात येथे झुंडीच्या हत्येपासून किंवा गुलामीच्या आठवणीपासून होत नाही. ती बरोबरीच्या नात्याने चाललेल्या खेळातून होते. सहजता असते म्हणूनच तिचा भंग होऊ शकतो.

फ्रान्झ फॅनन यांच्या 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' या नावाने परिचित असलेल्या १९५२ च्या फ्रेंच ग्रंथात हीच घटना शरीराच्या पातळीवर उतरते. आगगाडीत एक गोरे मूल फॅननकडे बोट दाखवून आईला सांगते, की तो पाहा निग्रो, आणि आपल्याला त्याची भीती वाटत असल्याचेही सांगते. मार्टिनिकहून आलेला, फ्रेंच उत्तम बोलणारा, लिओंमध्ये वैद्यकशास्त्र शिकलेला हा माणूस स्वतःच्या शरीराला तोपर्यंत ज्या रीतीने वागवत होता, ती रीतच त्या उद्गाराने मोडून पडते. हात पुढे करून टेबलावरची वस्तू घेणे, पाय दुमडून बसणे, यांसारख्या क्रियांमध्ये शरीराचे एक न बोललेले ज्ञान असते. त्या ज्ञानाच्या जागी कातडीविषयीचे, दुसऱ्यांनी रचलेले कथाज्ञान येऊन बसते. फॅननचे विश्लेषण येथे महत्त्वाचे ठरते, कारण सहजता ही मनातील भावना नसून शरीर आणि अवकाश यांच्यातील एक संबंध आहे, हे त्यातून स्पष्ट होते. हा संबंध एकट्याच्या निर्धाराने टिकवता येत नाही.

मग ज्यांना तो आयता मिळत नाही, ते काय करतात? ब्रेंट स्टेपल्स या पत्रकाराच्या १९८६ मध्ये 'मिस' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे एक उत्तर सापडते. शिकागो विद्यापीठात संशोधन करीत असताना रात्री फिरायला निघालेल्या स्टेपल्सना असे आढळते, की आपण नुसते मागून चालत आलो तरी पुढची गोरी व्यक्ती पावले उचलू लागते. ज्याच्या मनात कसलाही दुष्ट हेतू नाही, त्याला आपल्या अस्तित्वामुळेच रस्ता बदलून जातो हे स्वीकारावे लागते. पुढे तो एक उपाय शोधतो. अंधाऱ्या रस्त्याने जाताना तो बीथोव्हेन आणि व्हिव्हाल्डी यांच्या रचना शिळेवर वाजवू लागतो. ताणलेले चेहरे सैल होतात. कोणी त्या सुरात सूरही मिसळतात. अस्वलांच्या प्रदेशातून जाणारे गिर्यारोहक गळ्यात घंटा बांधतात, तशी ही आपली घंटा आहे, असे स्टेपल्स म्हणतो. उपमेतील उपहास सूक्ष्म आहे. अस्वलांच्या रानातून जाणारा माणूस स्वतःच्या भीतीपोटी घंटा बांधतो. येथे मात्र ज्याला लोक अस्वल समजतात, त्यालाच ती बांधावी लागते, आणि धोकाही खरे पाहता त्यालाच आहे. दुसऱ्याच्या सहजतेची व्यवस्था करणे हे त्याचे नित्यकर्म होऊन बसते.

या श्रमाचे समाजशास्त्रीय वर्णन एलिजाह अँडरसन यांनी २०१५ मधील 'द व्हाइट स्पेस' या निबंधात केले आहे. त्यांच्या मते कृष्णवर्णीय व्यक्ती गोऱ्या अवकाशात प्रवेश करते ती विश्वासार्हतेच्या तुटीसह. आपण दरिद्री वस्तीतील गुन्हेगाराच्या प्रतिमेत बसत नाही, हे तिला पोशाख, उच्चार, सौजन्य यांद्वारे आधी सिद्ध करावे लागते, आणि हे सिद्धीकरण एकदा झाले म्हणजे संपले असे होत नाही. गोऱ्या माणसाला कृष्णवर्णीयांची वस्ती टाळून आयुष्य काढता येते. कृष्णवर्णीयाला मात्र गोरा अवकाश टाळता येत नाही, कारण शिक्षण, नोकरी, प्रतिष्ठा सारे तेथेच आहे. अँडरसन यांनीच यापूर्वी २०११ मध्ये फिलाडेल्फियातील रीडिंग टर्मिनल मार्केटसारख्या मिश्र बाजारपेठांचे वर्णन करून दाखवले होते, की काही जागा सर्वांना सैलावू देणाऱ्या छत्रासारख्या असतात. म्हणजे सहजता अशक्य आहे असे नव्हे. ती जागेच्या रचनेवर अवलंबून असते, माणसाच्या संकोची वा मोकळ्या स्वभावावर नव्हे.

३

या लेखनपरंपरेतील सर्वाधिक गुंतागुंतीची संहिता म्हणजे जेम्स बाल्डविनचा 'स्ट्रेंजर इन द व्हिलेज' हा निबंध. १९५३ मध्ये 'हार्पर्स' मासिकात आणि नंतर १९५५ च्या 'नोट्स ऑफ अ नेटिव्ह सन' या संग्रहात तो प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंडमधील लॉइकरबाड या डोंगराळ, सुमारे सहाशे वस्तीच्या कॅथलिक गावात बाल्डविन राहिला. तेथे यापूर्वी कोणी कृष्णवर्णीय माणूस पाहिलेला नव्हता. मुले त्याला पाहून ओरडत. कोणी त्याच्या केसांना हात लावून पाही. सणाच्या दिवसांत चेहरे काळे करून फिरणारी मुले आफ्रिकेतील लोकांना ख्रिस्ती करण्यासाठी पैसे गोळा करीत, आणि गेल्या वर्षी आपण इतके जण 'विकत घेतले' हे गावातील एक बाई त्याला मोठ्या कौतुकाने सांगे.

या गावात बाल्डविन प्रथम जे करतो ते लक्षणीय आहे. तो हसतो, प्रसन्न राहतो. आपण लोकांना आवडलो पाहिजे, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलाला फार लवकर शिकवले जाते, आणि ती शिकवण तो नव्या देशात वापरून पाहतो. अमेरिकेत ती जितकी निरुपयोगी ठरली होती, तितकीच ती येथेही ठरते, असे तो नमूद करतो. कारण हसणाऱ्या माणसाकडे येथे कोणी पाहतच नाही. पाहिले जाते ते दातांचे शुभ्रपण. स्टेपल्सची शीळ निदान कोणाच्या तरी कानांपर्यंत पोहोचते. बाल्डविनचे हसू पोहोचत नाही. गावकऱ्यांच्या वागण्यात द्वेष नाही हे तो मान्य करतो. परंतु द्वेष नसणे आणि माणूस म्हणून ओळखले जाणे, या दोन गोष्टी एक नव्हेत, हा त्याचा मूळ मुद्दा आहे.

यापुढे बाल्डविन एक पाऊल टाकतो, आणि तेच वादाचे ठिकाण आहे. या गावातील अगदी अशिक्षित माणूसही दान्ते, शेक्सपिअर, मायकेलँजेलो यांच्याशी, शार्त्रच्या चर्चशी ज्या नात्याने जोडलेला आहे, ते नाते आपल्याला नाही, असे तो म्हणतो. जगात कोठेही गेले तरी ही माणसे परकी ठरणार नाहीत. सहजतेचा प्रश्न येथे जेवणाच्या टेबलावरून थेट संस्कृतीच्या वारशापर्यंत पोहोचतो. ज्याला परंपरा आपलीच वाटते, त्याला खोलीतही मोकळे वाटते, असे हे समीकरण आहे.

साठ वर्षांनंतर टेजू कोल हा नायजेरियन-अमेरिकन लेखक त्याच गावी गेला, आणि २०१४ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये त्याने या निबंधाचे पुनर्वाचन प्रसिद्ध केले. गाव आता पर्यटकांचे झाले होते. कृष्णवर्णीय माणूस पाहून कोणी ओरडत नव्हते, नजरा मात्र होत्या. कोल बाल्डविनच्या व्यथेत सहभागी होतो, पण वारशाच्या मुद्द्यावर त्याच्याशी मतभेद नोंदवतो. बाखचे संगीत किंवा युरोपीय चित्रकला ऐकता-पाहताना आपल्याला परकेपणा वाटत नाही. त्यांवर आपला हक्क आहे आणि आफ्रिकेच्या कलापरंपरेवरही आहे, असे तो सांगतो. कोलचे म्हणणे पटण्यासारखे आहे. परंतु ते बाल्डविनचे खंडन ठरते काय? तसे म्हणणे घाईचे होईल. कोलच्याच निबंधात पुढे अमेरिकेतील पोलिसांची गोळी येते. फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा तरुण मारला गेला तो याच ऑगस्ट महिन्यात. बाख आपला आहे हे जाणणाऱ्या माणसाचे शरीरही रस्त्यावर असुरक्षित असू शकते. यावरून असे दिसते, की संस्कृतीतील सहजता आणि समाजातील सहजता यांचे समीकरण बाल्डविनने मांडले तितके सरळ नाही. पहिली व्यक्तीला स्वतःच्या व्यासंगाने मिळवता येते, दुसरी इतरांच्या संमतीवाचून मिळत नाही.

४

गोऱ्या अवकाशात मोकळेपणाने वावरण्याचा आणखी एक मार्ग कृष्णवर्णीय लेखनाने दाखवला आहे, तो म्हणजे ओळख लपवण्याचा. नेला लार्सन यांच्या १९२९ मधील 'पासिंग' या कादंबरीत आयरीन आणि क्लेअर या उजळ वर्णाच्या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया शिकागोतील एका उंची हॉटेलच्या गच्चीवर चहा घेताना योगायोगाने भेटतात. दोघींनाही गोऱ्या समजून तेथे प्रवेश मिळालेला आहे. समोरच्या टेबलावरील स्त्री आपल्याकडे टक लावून पाहते आहे हे ध्यानात येताच आयरीनच्या मनात भय उभे राहते : हिने ओळखले तर नसेल? प्रत्यक्षात ती स्त्री बालमैत्रीण क्लेअरच असते. लार्सन यांनी या प्रसंगात दाखवलेली गोष्ट अशी, की लपवून मिळवलेल्या सहजतेला खरा धोका परक्याकडून जितका असतो, तितकाच आपल्या माणसाकडूनही असतो. क्लेअरचा गोरा नवरा कृष्णवर्णीयांचा द्वेष करतो, आणि पत्नीचे सत्य त्याला ठाऊक नाही. तिचा सारा संसार एका नजरेच्या अंतरावर उभा आहे, आणि अखेर तो कोसळतो.

मराठी वाचकाला येथे बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या शीर्षककथेची आठवण होणे स्वाभाविक आहे. हा संग्रह १९६३ मधील. रेल्वेतील नोकरीसाठी परगावी आलेला नायक राहण्यास जागा मिळावी म्हणून जात लपवतो, आणि तिचा उलगडा होताच मार खातो. त्याच कथेतील काशिनाथ मात्र जात न लपवता, ताठ मानेने वावरतो. या दोन पात्रांच्या तुलनेत सहजतेचा प्रश्न नेमका मांडला गेला आहे. लपवणाऱ्याला आदर मिळतो पण स्वास्थ्य मिळत नाही. उघड वावरणाऱ्याला स्वास्थ्य मिळते की नाही हे सांगता येत नाही, परंतु भंग होण्यासारखे त्याच्याजवळ काही उरलेले नसते. बागुलांनी 'चोरणे' हे क्रियापद वापरले, याकडे स्वतंत्रपणे लक्ष दिले पाहिजे. 'पासिंग' या इंग्रजी शब्दात पलीकडे जाण्याचा भाव आहे. मराठीतील शब्दात गुन्ह्याचा आहे. स्वतःचीच गोष्ट चोरल्याचा आरोप जेथे शक्य होतो, ती समाजरचना भाषेने येथे पकडली आहे.

वंश आणि जात यांतील भेद येथे धूसर होऊ देता कामा नये. वर्ण सामान्यतः डोळ्यांना दिसतो. जात कानांना ऐकू येते. आडनाव, गावाचे नाव, उच्चार, जेवणातील पदार्थ, भिंतीवरील तसबीर यांतून ती वाचली जाते. म्हणून स्टेपल्सला शीळ वाजवावी लागते आणि बागुलांच्या नायकाला गप्प राहावे लागते. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) या आत्मपर लेखनात या वाचनाचा एक मार्मिक नमुना आहे. संस्कृतचे अध्ययन करून त्या विषयाच्या अध्यापिका झालेल्या या दलित स्त्रीकडे सारे जण नवल म्हणून पाहतात. त्या कौतुकातील अपमान त्या जाणतात. आणि प्राध्यापकपद मिळाले ते विवाहानंतर बदललेल्या आडनावाला, माहेरच्या आडनावाला नव्हे, हेही त्या नमूद करतात. कौतुक हाही सहजता हिरावण्याचा एक प्रकार आहे, हे बाल्डविनच्या गावातील केसांना हात लावणाऱ्यांइतकेच संस्कृतच्या वर्गातील कौतुक करणाऱ्यांनाही लागू पडते.

५

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अनुभव हा दोन्ही परंपरांना जोडणारा, तरीही त्यांच्या साम्याचे सुलभीकरण रोखणारा पुरावा आहे. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यू यॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात होते. विद्यापीठाचा परिसर बहुतांश गोरा, आणि लगतच हार्लेमची वस्ती. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या, त्यांच्या निधनानंतर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मपर टिपणांत त्यांनी सांगितले आहे, की युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसून गेली होती. १९१७ मध्ये बडोद्याच्या स्थानकावर उतरताच 'जायचे कोठे?' या प्रश्नाने ती परत आली. पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून राहणे, ते उघडकीस आल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने घेरणे, मित्रांनी घरी ठेवून घेण्यास असमर्थता दर्शवणे आणि अखेर कमाठी बागेत काढलेले काही तास, हा वृत्तांत सर्वपरिचित आहे. कोलंबियातील त्यांचा स्नेही नवल भथेना हा पारशीच होता, ही वस्तुस्थिती या वृत्तांताशेजारी ठेवली, की सहजता व्यक्तींच्या चांगुलपणावर नव्हे तर जागेवर कशी अवलंबून असते, हे निराळे सांगावे लागत नाही.

तथापि या अनुभवावरून अमेरिकेतील अवकाश खुला होता, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ज्या शहरात आंबेडकरांना मोकळे वाटले, त्याच शहरात हार्लेममधील माणसाला तसे वाटत नव्हते. त्यांची सहजता त्या समाजाच्या समतेतून आलेली नव्हती. तेथील लोकांना त्यांची जात वाचता येत नव्हती, यातून ती आली होती. ड्यू बॉइस १८९२ मध्ये बर्लिनला शिकण्यास गेले, तेव्हा त्यांनाही अमेरिकेच्या तुलनेत असाच मोकळेपणा लाभला. प्रत्येकाला दुसऱ्याच्या देशात श्वास घेता यावा, याचे कारण तो देश उदार होता असे नसून त्या देशाच्या उतरंडीत त्याच्यासाठी पायरी ठरलेली नव्हती, असे आहे. आंबेडकरांना हा भेद ठाऊक होता. १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य नमूद केले आणि संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाविषयी विचारणा केली. स्वतःला लाभलेल्या व्यक्तिगत मोकळेपणाचा आधार घेऊन त्यांनी अमेरिकेचे गुणगान केले नाही.

याच्या उलट बाजूला मराठी प्रवासवर्णनाची परंपरा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) इंग्लंडमध्ये वावरणारा निवेदक अल्पसंख्य आहे, बुजरा आहे, फजीत होणारा आहे. परंतु त्याची फजिती विनोदाला अनुकूल ठरते, कारण तो पाहुणा आहे आणि त्याला परत यावयाचे आहे. शिवाय तो ज्या वाचकाशी बोलतो, तो त्याच्याच घरातला आहे. परदेशातील अवघडलेपण घरच्या सहजतेवर तोलून धरलेले आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनाचे शीर्षक आणि बाल्डविनच्या निबंधाचे शीर्षक यांत जवळजवळ एकच शब्द आहे. पण माने यांना उपरेपण भोगण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. ज्याला परतण्यास घर आहे त्याचे अवघडलेपण आणि ज्याला घरातच अवघडलेपण आहे त्याचे, या दोहोंना समीक्षेने एकच नाव देणे योग्य नव्हे. अमेरिकेत स्थिरावलेल्या भारतीयांच्या बाबतीत हा भेद आता कायद्याच्या भाषेतही आला आहे. २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीवर आधारित भेदभावास बंदी घातली, ती गोऱ्या अवकाशातील अल्पसंख्याकांतही आणखी एक अवकाश असतो, हे मान्य करूनच.

६

या विवेचनाचा मराठी समीक्षेशी संबंध काय? म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि कृष्णवर्णीय साहित्याकडे त्यांनी मराठी लेखकांचे लक्ष वेधले. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याची ग्रंथरूपाने ओळख करून दिली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकन चळवळीकडून घेतले. या साऱ्याचे मोल निर्विवाद आहे. मात्र या आदानातून मराठीत आले ते मुख्यतः संघर्षाचे प्रतिमान. त्यामुळे दलित आत्मकथनांचे वाचनही भूक, मारहाण, बहिष्कार या प्रसंगांभोवती केंद्रित झाले. 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू पवार दया पवारांना आपली कथा सांगतो, ही रचना शिकलेल्या, शहरी, पांढरपेशा अवकाशात पोहोचलेल्या माणसाच्या दुभंगलेपणाची आहे. ड्यू बॉइसच्या दुहेरी जाणिवेचे याहून नेमके मराठी रूप दाखवणे अवघड. तरीही तिच्याकडे निवेदनाची एक क्लृप्ती म्हणूनच प्रायः पाहिले गेले.

दुसरा मुद्दा अधिक मूलभूत आहे. पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मधील आपल्या अभिरुचीविषयक ग्रंथात दाखवले, की सुसंस्कृत वर्तनातील सहजता ही ज्यांना संस्कृती घरातच, न शिकता मिळते, त्यांची खूण असते. जे ती शाळेत कष्टाने मिळवतात, त्यांच्या वर्तनात कष्टाची खूण राहते, आणि तीच त्यांच्याविरुद्ध वापरली जाते. हे निरीक्षण मराठीला लावून पाहिले, तर सहजता या निकषाने कोणाचे लेखन आपोआप श्रेष्ठ ठरते, हे उघड होते. दलित लेखन आक्रस्ताळे आहे, प्रचारकी आहे, त्यात संयम नाही, हे आक्षेप ज्या समीक्षेने घेतले, त्याच समीक्षेने 'गुजगोष्टी'तील मोकळेपणाला कलागुण मानले. गुज सांगावयाचे तर ऐकणारा आपला आहे, ही खात्री हवी. ती खात्री नसलेल्या लेखकाचा आवाज चढतो किंवा अतिसावध होतो. क्लॉडिया रँकिन यांच्या 'सिटिझन' (२०१४) या काव्यग्रंथात हा सावधपणाच शैली बनला आहे. मानसोपचारतज्ज्ञाशी केवळ दूरध्वनीवर बोललेली व्यक्ती ठरल्या वेळी तिच्या दारात उभी राहते, आणि ती तज्ज्ञ बाई तिला हुसकावण्यासाठी ओरडते, मग ओळख पटल्यावर क्षमा मागते. असे प्रसंग रँकिन चढा सूर न लावता, द्वितीय पुरुषात सांगतात. या ग्रंथाच्या मराठी अनुवादकापुढे उभी राहणारी पहिली अडचण त्या द्वितीय पुरुषाचीच असेल : 'तू' म्हणावे की 'तुम्ही'? इंग्रजीत न दिसणारी पायरी मराठीत सर्वनामातच कोरलेली आहे. अरे-तुरे आणि अहो-जाहो यांनी सहजतेचे वाटप ज्या भाषेत घडते, त्या भाषेच्या समीक्षेने तरी या शब्दाकडे निरागसपणे पाहू नये.

याचा अर्थ सहजता हे मूल्य टाकून द्यावे असा नव्हे. तसे करणे म्हणजे अवघडलेपणालाच एक नवे सौंदर्य ठरवणे होईल, आणि कोणत्याही कृष्णवर्णीय वा दलित लेखकाने ते मागितलेले नाही. मोकळेपणाने बसता-उठता-बोलता यावे ही त्यांचीही आकांक्षा आहे. टेजू कोल बाखवर हक्क सांगतो तो याच आकांक्षेतून. आवश्यक आहे ते एवढेच, की एखादी संहिता सहज आहे असे म्हणताना तिच्या लेखकाने कोणाला ऐकणारा म्हणून गृहीत धरले आहे, आणि ती सहज नाही असे म्हणताना त्या लेखकाला कोणती घंटा बांधून लिहावे लागले आहे, याची विचारणा समीक्षकाने करावी. ही विचारणा झाली, तर 'सहज' हा अभिप्राय समीक्षेच्या शेवटी येणार नाही. तेथून तिला सुरुवात करावी लागेल.